पाण्याची ॲसिडिटी

नऊ एप्रिल. आज तलाव रिकामा करायचा आहे.

सकाळी सातला पंप सुरू केला. क्लोरीन टाकणं आठवडाभर आधीच बंद केलं होतं, म्हणजे हे पाणी मैदानाकडच्या कडुनिंबांना घालता येईल. एप्रिलमध्ये एवढं पाणी नाल्यात सोडलं तर लोक नावं ठेवतात, आणि बरोबरच ठेवतात. पाइप एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या झाडाच्या आळ्यात हलवत राहायचा, एवढंच काम. संध्याकाळपर्यंत तळ दिसेल. उद्या टाइलवाले येणार आहेत.

तळ दिसेल म्हणजे यासीनचाचांचं काम दिसेल. टाइल बसल्यावर ते पुन्हा कोणाला दिसणार नाही. पाइप हलवण्याच्या मधल्या वेळात मला दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी शहाद्याच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि उन्हाळ्यात संस्थेचा पोहण्याचा तलाव सांभाळते. पोहता येणारं आणि वेळेवर येणारं असं दुसरं कोणी संस्थेत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. तलाव जुना. त्याचा गिलावा इतका झिजला होता की पोरी पोहून बाहेर आल्या की त्यांच्या गुडघ्यांना वाळू लागलेली असायची. गेल्या वर्षी तो सगळा काढून नवा करायचं ठरलं, आणि त्यासाठी यासीन मिस्तरींना बोलावलं.

उंच, वाळलेला माणूस. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी बांधून तिची डोक्यामागे गाठ मारलेली, कारण वाकून काम करताना चष्मा कालवलेल्या मालात पडतो. शर्टाच्या खिशात एक चपटी डबी. ती पूर्वी जर्द्याची होती. जर्दा सोडल्यापासून तिच्यात खायचा सोडा असे. दर दोन-तीन तासांनी ते डबी उघडत, चिमूटभर सोडा तळहातावर घेऊन तोंडात टाकत, वर घोटभर पाणी. मग मान वर करून थांबत. दणदणीत ढेकर आला की आजूबाजूच्यांकडे असं बघत, जसं काही त्यांनी आत्ताच एक गोष्ट सिद्ध करून दाखवली आहे.

घरी ते हिंदी बोलत, बाजारात अहिराणी. माझ्याशी सुरुवात शाळेच्या मराठीत होई. "बाई, त्याचं असं आहे की..." आणि दोन वाक्यांनंतर गाडी अहिराणीवर उतरे.

चाचा इमारतींचे डॉक्टर होते. म्हणजे त्यांची तशी समजूत होती. ओल आलेल्या भिंतीला सर्दी झालेली असे. पोपडे धरलेल्या भिंतीला खरूज. प्रयोगशाळेच्या खोलीला त्यांनी दमा सांगितला, कारण तिला खिडकी एकच. आमच्या शाळेच्या जिन्याला लकवा झाला आहे, तो वर्षभर काढणार नाही, असं त्यांनी मला फार वर्षांपूर्वी अगदी हळू आवाजात, जिन्याला ऐकू जाणार नाही असं सांगितलं होतं. जिना अजून उभा आहे. मी त्यांना अधूनमधून त्याची आठवण करून देई. ते म्हणत, "पोरे चढतस-उतरतस, तेनी मालिश व्हस तेले. म्हनीसन टिकना."

तलावाला काय लावायचं यावर संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. अध्यक्षांना निळ्या टाइल हव्या होत्या. सुरतेच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी तशा पाहिल्या होत्या. चाचांचं म्हणणं पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा करावा. टाइल निघतात, निघालेल्या टाइलने पोरींचे पाय कापतात, गिलावा एकसंध राहतो. अध्यक्षांनी विचारलं, पांढऱ्यावर डाग पडले तर. चाचा म्हणाले, डाग पडना तं पुढला साल खुशाल टाइल लावा, मन्ही ना नही. त्यावर ठरलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं की अशी हमी कशाला दिली, पाणी आहे, त्याचं काही सांगता येतं का. ते चालता चालता थांबले. आयुष्यभर त्यांनी संडासाच्या टाक्या, गोबरगॅसच्या टाक्या आणि विहिरींची आतली बांधकामं केली होती. ब्राह्मणपुरीपासून कळसाडीपर्यंत कुठल्या अंगणाखाली त्यांची टाकी आहे हे ते बोट दाखवून सांगू शकत.

"जिंदगीभर जे बांधं ते जमीनमा गाडाई गयं, बाई," ते म्हणाले. "कोनी देखं नही. हाई एक तरी लोके देखतीन. मंग मी थापी ठेवी देसू."

हे शेवटचं काम, हे त्यांचं ठरलेलं होतं. छातीत जळजळतं, वाकलं की वर येतं, असं ते म्हणत. आणि सोडा खात.

जुना गिलावा काढणं, खालचा थर, वॉटरप्रूफिंग ही कामं त्यांच्या माणसांनी केली. शेवटची घोटाई त्यांनी कोणाला करू दिली नाही. फळीवर गुडघे टेकून, घोटायचा लोखंडी गुरमाळा फिरवत, मागे मागे सरकत ते एकटेच करत गेले. गुरमाळ्याचा तो एकसारखा सर्र सर्र आवाज मला वर्गात ऐकू यायचा. काम पुरं झालं तेव्हा तलाव खरोखर चिनी मातीच्या बशीसारखा दिसत होता. तो पाहायला अध्यक्ष आले आणि चपलांसकट पायऱ्या उतरायला लागले. चाचा समोर आडवे उभे राहिले.

"साहेब, ओली बायतीन शे. पायतान काढा."

अध्यक्षांना कोणी असं सांगत नाही. पण बाळंतीण म्हटल्यावर त्यांचा पाय आपोआप मागे गेला. त्यांनी चपला काढल्या, वर आपल्या ड्रायव्हरलाही काढायला लावल्या. बाळंतीण हा शब्द चाचांनी मग कायमचाच ठेवला. नव्या गिलाव्याला जपायचं, जड काही द्यायचं नाही, थंडीवारा लागू द्यायचा नाही. किती दिवस, असं मी विचारलं तर म्हणाले, आमच्यात चाळीस दिवस, तुमच्यात सव्वा महिना, जे जास्त असेल ते धरा.

यात गंमत अशी, की हे बरोबर होतं. नवा गिलावा पाण्याखाली पहिला महिनाभर फार नाजूक असतो. त्यातून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच चढत जातो. पीएच चढला की तोच चुना पांढरी पूड होऊन तळाशी बसतो, नाहीतर गिलाव्यालाच चिकटून खरखरीत पापुद्रा धरतो. पीएच फार उतरला तर उलट गिलावाच खाल्ला जातो. म्हणून रोज पाणी तपासायचं, रोज थोडं ॲसिड भरपूर पाण्यात मिसळून कडेकडेने सोडायचं आणि रोज ब्रश मारायचा. दुसरी गोष्ट अल्कलिनिटी. सोप्या भाषेत, ॲसिड पचवायची पाण्याची ताकद. ती फार असेल तर कितीही ॲसिड घाला, पीएच थोडा वेळ खाली येतो आणि पुन्हा वर जाऊन बसतो. आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड. त्यात नवा गिलावा. म्हणजे मला महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसणं भाग होतं.

पाणी भरून झालं आणि दुसऱ्या सकाळी मी ॲसिडचा कॅन घेऊन आले. चाचा काठावरच बसले होते. काम संपलं तरी ते रोज येत, नातेवाइकाने दवाखान्यात येऊन बसावं तसे. कॅन पाहून ते उठले. गवंड्याच्या लेखी ॲसिड म्हणजे फरशीवर सांडलेलं सिमेंट खरवडून काढायचं तेजाब. ते सिमेंटला खातं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी बादलीत पाणी घेतलं, त्यात माप ओतलं. चाचांनी पाठ फिरवली. लहान मुलाला इंजेक्शन देताना काही बाप फिरवतात तशी.

"बायतीनले तेजाब पाजी ऱ्हायन्यात तुम्ही," ते पलीकडे तोंड करून म्हणाले.

मी त्यांना बसवून सगळं समजावलं. काचेच्या नळीत पाणी घेतलं, लाल औषधाचे थेंब टाकले, गडद गुलाबी रंग दाखवला. हा रंग चढलेल्या पीएचचा. हा उतरवायला ॲसिड. उतरला की रंग केशरीकडे येतो. त्यांनी फार मन लावून ऐकलं. मधे एक-दोनदा मान हलवली. मी सातवीच्या वर्गाला हेच शिकवते आणि तिथे यापेक्षा कमी लक्ष असतं. नंतर कळलं की त्या सगळ्यातून त्यांनी एकच शब्द उचलला होता.

पहिला आठवडा ठीक गेला. मग पाणी ऐकेनासं झालं.

ॲसिड घातलं की अल्कलिनिटी हळूहळू उतरायला हवी. ती चढायला लागली. रोज थोडी थोडी. पीएच सकाळी खाली आणावा, संध्याकाळी पुन्हा गुलाबी. पाण्याला दुधासारखी झाक आली. ब्रश मारला की पांढरे लोट उठत आणि तासाभराने पुन्हा खाली बसत. पायरीवर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागे. मी बोअरचं पाणी वेगळं तपासलं, ते होतं तसंच होतं. तपासणीची औषधं जुनी झाली असतील म्हणून सुरतेहून नवी मागवली. नव्यांनीही तेच सांगितलं. मग माझी थेंब मोजण्यात चूक होते का, म्हणून प्रयोगशाळेतल्या सरांकडून मोजून घेतलं. त्यांचंही तेच आलं. मी ॲसिड वाढवलं. अल्कलिनिटी आणखी चढली. हातात सगळे आकडे आहेत आणि त्यातला एकही माझं ऐकत नाही, अशी वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही.

चाचा मात्र निवांत होते. सकाळी मी आले की पाण्याकडे बघून सांगत, "आज बरं वाटी ऱ्हायनं तेले."

एके सकाळी मी ॲसिडची बादली कडेने सोडत सोडत खोल बाजूच्या शिडीपाशी आले. बादली कलती केली आणि शिडीच्या पायथ्याशी पाणी फसफसायला लागलं. सोड्याची बाटली उघडल्यासारखं. मी बादली बाजूला ठेवली. शिडीच्या खालच्या दांडीला एक सुतळी बांधलेली दिसली. ओढली. पातळ पांढऱ्या कापडाची पुरचुंडी वर आली, नारळाएवढी. आत ओला खायचा सोडा, निम्मा विरघळलेला. शिडीच्या मागे किराणा दुकानातली पिशवी. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी पापडांची कामं चालतात, दुकानात सोड्याच्या आणि पापडखाराच्या पिशव्या किलोकिलोने मिळतात. कोणी कशाला नेतो हे दुकानदार विचारत नाही.

मी पुरचुंडी धरून मागे पाहिलं. चाचा बाकावर बसले होते. लपवण्याचा काही विचार त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"कशाला?"

"ॲसिडिटी व्हई गई ना तेले," ते म्हणाले. "रोज तुम्ही ॲसिड पाजतस. मले बी ॲसिडिटी व्हस. मी सोडा लेस, बरं वाटस. म्हटलं, तेले बी बरं वाटी."

मी ॲसिड ओतायची आणि मी वर्गावर गेले की चाचा सोडा सोडायचे. मी वाढवलं की तेही वाढवायचे. आम्ही दोघं एकाच पाण्यावर औषधोपचार करत होतो, आणि दोघांच्या औषधांचा मिळून चुना होऊन त्यांच्या गिलाव्यावर बसत होता. मला हसू आलं नाही. मी त्यांना चांगलंच सुनावलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटी म्हटलं की चाचा, त्याला ॲसिडिटी नव्हती, त्याला ॲसिड कमी पडत होतं, तुमचा सोडा त्याला जड झाला.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेले मीच बेमार करं?"

मी हो म्हटलं. थोडं बोअरच्या पाण्यानेही केलं, असं पुढे जोडलं. ते खरं होतं.

तेवढ्यात त्यांनी सवयीने डबी काढली, चिमूट घेतली आणि तोंडात टाकता टाकता हात थांबवला. मग टाकली. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शर्ट खांद्यावर लोंबत होता. पायजम्याची नाडी जास्तच आवळलेली. मी विचारलं, हा सोडा किती दिवस चालला आहे. म्हणाले, रमजानच्या आधीपासून. त्याने बरं वाटतं. मी म्हटलं, रोज घ्यावा लागतो म्हणजे बरं वाटत नाही. डॉक्टरला दाखवा, नंदुरबारला माझ्या ओळखीचे आहेत, मी येते बरोबर. त्यांनी हात हलवला. सव्वा महिना व्हई जाऊ द्या, मंग देखूत. मी दोन-तीनदा म्हटलं. त्यांच्या मुलाला, मुश्ताकलाही सांगितलं. त्याचा टेम्पो आहे, तो दिवसभर केळी भरण्यात असतो. त्याने सांगितलं, अब्बा ऐकत नाहीत. ते मला ठाऊकच होतं.

त्यानंतर पाणी ठिकाणावर आणायला बराच काळ गेला. थोडं पाणी काढून नवं भरलं. ॲसिड अगदी थोडं थोडं, पण रोज. आता बादली चाचा धरत. मीच ओतू नका म्हणत असे, कारण डोळ्यांत उडतं, पण ते म्हणत तुम्ही फक्त माप सांगा. वाफ टाळायला तोंड बाजूला करत, बादली कडेने नेत, आणि ओतताना ओठांत काही म्हणत. ब्रशही तेच मारत. पाठ दुखते म्हणून मधे बसत आणि पुन्हा उठत. अल्कलिनिटी उतरली. पीएच थांबायला लागला. दुधट झाक गेली आणि पाणी स्वच्छ झालं.

पाणी स्वच्छ झालं तेव्हा तळ दिसला. पांढऱ्यावर करड्या छटेचे डाग. काही तळहाताएवढे, काही चादरीएवढे. कुठे चुन्याचा पापुद्रा, कुठे ॲसिडने खाल्लेली जागा. चाचा काठावर उभे राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. आत्तापर्यंत सगळ्या भिंतींचे सगळे रोग मोठ्याने सांगणारा माणूस, या वेळी कोणी ऐकू नये असं बोलला.

"कोड फुटनं, बाई, तेले."

आमच्याकडे हा शब्द मुलीच्या बाबतीत कोणी सहज उच्चारत नाही. ब्रशने ते जाणार नव्हतं, आणि आणखी ॲसिड घातलं असतं तर वाढलंच असतं. एकच उपाय होता, तलाव पुन्हा रिकामा करून सगळा तळ पॉलिश पेपरने हाताने घासायचा. सुट्टी लागली होती, पोरींची बॅच खोळंबली होती, त्यांच्या आयांचे रोज फोन येत होते. ते पावसाळ्यानंतर करू, असं ठरलं.

तलाव सुरू झाला त्या दिवशी चाचा धुतलेला शर्ट घालून आले आणि बाकावर बसले. पोरींनी उड्या मारल्या. डाग कोणी पाहिलेही नाहीत. एक लहान पोरगी मात्र काठाला धरून लोंबकळत होती. तिने चाचांना विचारलं, "बाबा, खाली ढग तुम्ही काढले का?"

"नही," चाचा म्हणाले. "या बाईनी काढात. मी तिले रोज नको म्हने."

पोरगी माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. चाचांनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं आणि दणदणीत ढेकर दिला. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला मारलेला हा एकच टोमणा. तो मी घेतला.

अध्यक्षही आले होते. काठाने एक फेरी मारून ते बाकापाशी थांबले आणि फक्त "चाचा, टाइल" एवढंच म्हणाले. चाचा उभे राहून म्हणाले, हां साहेब.

जूनमध्ये त्यांना अन्न जाईना. मुश्ताकने त्यांना सुरतेला नेलं. आमच्याकडे दुखणं मोठं असलं की सुरतेलाच नेतात. ऑगस्टमध्ये शाळेला सलग सुट्टी आली तेव्हा मी नंदुरबारहून गाडी पकडून गेले. मुश्ताक वॉर्डाच्या दारात भेटला. पोटात गाठ आहे, पसरली आहे, कापता येत नाही, असं त्याने सांगितलं. अब्बांना सांगितलेलं नाही. मग तो चहा आणायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

खाटेवरचे चाचा पूर्वीच्या निम्मे झाले होते. मला बघून त्यांनी आधी हळूच समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "ह्या भीतले सर्दी शे. कोनी ध्यान देत नही." खरंच, खिडकीखाली ओल होती. मग विचारलं, "पीयच किती?"

मी सांगितलं, सात दशांश चार. अल्कलिनिटी नव्वद.

"आते ऐकस ना ते?"

"ऐकतं."

त्यांनी मान वळवली. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला आहे का ते पाहिलं.

"बाई, डॉक्टर काय म्हनस ते मले कोनी सांगत नही. मुश्ताक नुसता हासस. तुम्ही सांगा. तुम्ही मले तोंडवर सांगं व्हतं, तेले तुम्हीच बेमार करं."

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. गाठ आहे. काढता येत नाही म्हणतात. दुखू नये म्हणून औषध देतील.

"हं," ते म्हणाले. छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हनजे सोडाना उपेग नही."

"नाही."

"आनि डाग?"

"आहेत."

"मी उनू का कागद मारसू," ते म्हणाले. "बठ्ठा तळ. उथळ बाजूकडथाईन सुरू करसू." आणि पॉलिश पेपर कसा मारायचा ते दाखवायला त्यांनी हात उचलला. सलाइनची नळी ताणली गेली, नर्स आली, रागावली, हात खाली ठेवून गेली. मी म्हटलं, पावसाळा संपला की तलाव रिकामा करून ठेवते.

मुश्ताक चहा घेऊन आला तो गारच झाला होता. तो पिऊन मी निघाले. दारातून मागे पाहिलं तर चाचांचा हात चादरीवर फिरत होता. बोटं सरळ, तळवा टेकलेला, अगदी हलके, गोल गोल. एक सुरकुती सपाट झाली की हात पुढच्या सुरकुतीवर जायचा. डोळे मिटलेले होते.

दिवाळीच्या आधी ते गेले. मला कळलं तोपर्यंत दफन झालेलं होतं. मी घरी जाऊन चाचींजवळ बसून आले. त्या म्हणाल्या, शेवटपर्यंत सगळ्यांना विचारत होते, बाईंनी पाणी काढलं का.

पाणी मी काढलं नव्हतं. पेपर मारणारं कोणी मिळेना. तळभर गुडघ्यांवर बसून हाताने घासायचं म्हटल्यावर दोन मिस्तरींनी वरूनच बघून नाही म्हटलं. एकाने यंत्र आणतो म्हणून सांगितलं आणि फोन उचलणं बंद केलं. हिवाळ्यातल्या बैठकीत मी म्हटलं की डाग वरवरचे आहेत, पोहण्याला त्याचा त्रास नाही, आणखी एक वर्ष थांबू. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, चाचांनी स्वतःच सांगितलं होतं ना. सांगितलं होतं. मी तिथेच होते.

संध्याकाळचे साडेपाच. पंप बंद केला. तळ दिसतो आहे. ओला आहे तोवर डाग जास्तच गडद दिसतात.

दहा एप्रिल.

सकाळी टाइलवाल्यांचा मुकादम आला. नवापूरकडचा, चाळिशीचा माणूस, सोबत त्याचे चौघे. आधी सगळा जुना गिलावा फोडायचा, मग टाइल, असं त्याचं काम ठरलेलं. त्याने एका कोपऱ्यात छिन्नी लावून हातोडा मारला. छिन्नी निसटली. दुसरीकडे मारला, तरी खपली निघाली नाही. त्याने दोन माणसांना मोठा घण घेऊन लावलं. थोड्या वेळाने तो घाम पुसत वर आला आणि म्हणाला, मॅडम, हे निघणार नाही. फोडायला गेलो तर खालची टाकी फुटेल. यावरच सगळीकडे टाचे मारतो, म्हणजे टाइल धरायला बारीक खाचा पाडतो, आणि टाइल चिकटवतो. फक्त कुठे पोकळ असेल तर तेवढं काढावं लागेल. पोकळ जागा ठोकून बघायची, ढब असा आवाज येतो.

मी त्याला म्हटलं, हातोडी द्या, मी बघते.

तो म्हणाला, माझी माणसं बघतील. मी म्हटलं, द्या.

उथळ बाजूपासून सुरुवात केली. एका ओळीत, वीत वीत अंतरावर, ठोकायचं, कान द्यायचा, पुढे सरकायचं. मग मागची ओळ. पायऱ्या झाल्या. उतार झाला. खोल बाजूचा तळ झाला. मग चारी भिंती, हात पोहोचेल तिथपर्यंत, त्याच्या वर स्टूल घेऊन. ऊन वर आलं, मुकादमाची माणसं कडुनिंबाखाली जाऊन बसली. डागांवर मी दोनदा दोनदा ठोकलं. सगळीकडे एकच आवाज आला, टणक. ढब कुठेही वाजलं नाही.

मग मी वर आले, हातोडी मुकादमाला परत दिली आणि म्हटलं, मारा टाचे.